गॅस की शिरेतून

मंगळवार, ३ मार्च

मुंगे,

वर आशीर्वाद लिहायला घेतले होते. पण ते तुला चालतील की नाही कळेना, म्हणून तो कागद टाकून दिला आणि हा दुसरा घेतला. पत्ता दादाने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. मी मागे लागून लागून त्याला वात आणला, तेव्हा कुठे दिला.

सहा वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून दचकायचं कारण नाही. घरात सगळे बरे आहेत. माझी तब्येत ठणठणीत. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. कागदावर निदान खोडता येतं.

काम असं आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. माझ्यासारखेच लिफ्टच्या कंपनीतून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली आहे, कॅन्सरची. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तिथल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून चार पानी कागद दिला. त्यात लिहिलंय की हॉस्पिटलात एक अभ्यास चालू आहे. कॅन्सरच्या निम्म्या पेशंटना गॅसची भूल द्यायची, निम्म्यांना शिरेतून औषध सोडून. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार. पेशंटला सांगणार नाहीत. मग काही वर्षं लक्ष ठेवून बघायचं, की एका भुलीनंतर कॅन्सर परत यायचं प्रमाण दुसरीपेक्षा कमी आहे का.

गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे कुठली चांगली ते तुम्हालाच माहीत नाही?"

बाई म्हणाल्या, "नाही ना, आजोबा. माहीत असतं तर तीच दिली असती, तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

गृहस्थ तेव्हापासून जरा बिथरले आहेत. सही करावी की करू नये? तू त्या लाइनीतली, म्हणून तुला विचारतोय. दोन ओळींचं उत्तर पुरे. त्यांची सोय होईल.

तुझा बाप

ता. क. ऑपरेशननंतर उलट्या फार होतात का, हेही गृहस्थ विचारत होते.


शनिवार, १४ मार्च

मुंगे,

तुझं पत्र काल मिळालं. पाच ओळी मोजल्या. दोनच मागितल्या होत्या, तेव्हा तीन जास्तच दिल्यास.

"गृहस्थांनी बिनधास्त सही करावी. दोन्ही भुली सुरक्षित आहेत. उलट्यांवर औषध असतं. जिना चढताना धाप लागत असेल तर ते लपवू नये. आणि मशीनरूममधल्या आवाजाने आपला डावा कान गेलेला आहे, हे त्यांनी भूलतज्ज्ञांना सांगितलं का? नाहीतर जाग येताना बाई डाव्या बाजूने हाका मारत बसतील आणि हे उठायचे नाहीत."

कानाचं मी पत्रात कुठेच लिहिलं नव्हतं. तीनदा वाचून पाहिलं.

बरं. ते गृहस्थ म्हणजे मीच.

शौचातून रक्त जात होतं. तीन महिने कुणाला बोललो नाही. वहिनीच्या लक्षात आलं. कपडे धुताना आलं असणार. ती मला काही बोलली नाही, दादाला बोलली, आणि दादाने मला अक्षरशः गाडीत कोंबून नेलं. गाठ आहे, पण बाहेर कुठे पसरलेली दिसत नाही म्हणतात. तेव्हा रडारड नको. ऑपरेशन २ एप्रिलला.

आता जे लिहायचं ते लिहितो. हा कागद फाडणार नाही असं ठरवून बसलोय.

सही करायच्या आधी मी त्या डॉक्टरीणबाईंना पाकिटातून एक कात्रण काढून दाखवलं. कुठलं ते तुला सांगायला नको. आई गेल्यावर चौथ्या दिवशी मी जे तुझ्यापुढे टाकलं होतं तेच. मावशी होती, मामा होता, दादा दारात उभा होता. मी म्हणालो, "तू तुझ्या आईला गॅस दिलास. इथे छापून आलंय, गॅसने कॅन्सर परत येतो. शिरेतून दिलं असतंस तर ती आज बसली असती इथे."  पर्स उचललीस आणि गेलीस. मला शब्द न् शब्द आठवतो. विसरलो असेन असं तुला वाटत असेल, म्हणून लिहून ठेवतोय.

बाईंनी कात्रण वाचलं. चष्मा वर करून परत वाचलं. मग त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "आजोबा, यात 'शक्यता आहे' असं लिहिलंय बघा. ती आहे की नाही, तेच तर शोधतोय आम्ही."

मुंगे, ते कात्रण मी पन्नास वेळा तरी वाचलं असेल. तो शब्द मला कधी दिसलाच नव्हता. छापलेला होता. शाईसुद्धा पुसट झाली नव्हती.

मी सही करून आलो. एवढंच.

बाबा


शनिवार, २१ मार्च

बाबा,

पहिल्याच पत्रात 'एक गृहस्थ' वाचलं तेव्हाच कळलं होतं. तुम्ही स्वतःच्या पायाने कुणा गृहस्थांसाठी चौकशी करायला उठाल, असं आपल्या घरात कुणाला वाटेल? मी लगेच दादाला फोन केला. तुमचे सगळे रिपोर्ट त्याने मला पाठवले आहेत. त्याच्यावर आता तुम्ही चिडू नका.

रिपोर्ट चांगले आहेत. 'चांगले' हा शब्द मी घाबरलेल्या नातेवाइकांसाठी वापरते तसा वापरत नाहीये. खरंच चांगले आहेत.

आता कात्रणाबद्दल. तुम्ही कधी विचारलं नाहीत, सांगितलंत. म्हणून मीही कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आईला दमा होता. तिचा तो निळा पंप तुम्हीच उशाशी शोधून द्यायचात. गॅसने श्वासनळ्या सैल पडतात, दमेकऱ्यांना तो मानवतो. म्हणून गॅस. बाहेर कुणीही विचारलं तर माझं हे उत्तर आहे, आणि ते खोटं नाही.

पण पूर्ण खरंही नाही. शिरेतलं ते दुधासारखं पांढरं औषधही दम्याला चालतं. ते शिरेत सोडायचं यंत्र होतं, औषध होतं, दोन्ही त्याच खोलीत होतं. मी गॅस घेतला कारण माझा हात त्याला सरावलेला होता. टेबलावर आई होती. मला काहीही नवं करायचं नव्हतं. तिने हट्ट केला होता, "पोटची पोर भूल देणारी असताना परक्याच्या हातात कशाला जाऊ?" आमच्या विभागप्रमुख सरांनी मला दोनदा विचारलं होतं, "नक्की तू देणार?" मी हो म्हणाले. घाबरले होते, म्हणून जे डोळे मिटून येतं ते केलं.

तुमचं कात्रण मला नवीन नव्हतं. ज्या लेखावरून ती बातमी केली होती तो लेख मी तुमच्याआधी दोन महिने वाचला होता. आईच्या हाडांत दुखणं उतरलं त्याच आठवड्यात. कॅन्सरचं ऑपरेशन चालू असताना काही पेशी सुटून रक्तात फिरत असतात. त्या वेळी शरीराची पहारेदारी कशी आहे, यावर पुढचं बरंच ठरत असावं. गॅस ती पहारेदारी ढिली करतो, असं काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर दिसलं होतं. मग लोकांनी जुने केसपेपर चाळले, तर गॅसवाल्यांचं पुढे जरा जास्त वाईट झालेलं आढळलं. पण जुन्या कागदांत एक गोम असते. कुणाला गॅस द्यायचा हे तेव्हा डॉक्टरांनी ठरवलेलं असतं. जास्त आजारी, दमेकरी, म्हातारे अशांना एक, धडधाकटांना दुसरी. मग पुढे वाईट झालं ते गॅसमुळे, की मुळात ती माणसंच जास्त आजारी होती म्हणून? म्हणूनच चिठ्ठी टाकून अभ्यास करावा लागतो.

हे सगळं मी विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवलं असतं. स्वतःला शिकवता आलं नाही. तुम्ही जे मावशीसमोर म्हणालात ते मी स्वतःशी आधीच म्हणून झाले होते. तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा वाटलं, म्हणजे बाहेरूनही दिसतंय.

आणखी एक. दादालाही माहीत नाही. मी कॅन्सर हॉस्पिटलात नाही, बाबा. त्या वर्षीच सोडलं. डोळ्यांच्या दवाखान्यात असते. तिरळेपणाची मुलं, मोतीबिंदूचे आजोबा. वीस मिनिटांत केस संपते. कुणाला काही परत येत नाही.

कानाचं बाईंना नक्की सांगा.

मुंगी


शुक्रवार, २७ मार्च

मुंगे,

तुझं पत्र घेऊन मी गच्चीवर जाऊन बसलो. वहिनी दोनदा बोलवायला आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा नुसतीच शेजारी बसून गेली.

मी सगळ्यांना सांगत होतो, पोरगी मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात आहे. तुझ्याशी बोलत नव्हतो तरी सांगत होतो. कंपनीतल्या लोकांना, खालच्या न्हाव्याला, अगदी त्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा. आणि ते तू माझ्यामुळे सोडून बसलीस.

एक सांगतो. तू शाळेत होतीस तेव्हाची गोष्ट. सात मजल्यांच्या एका इमारतीत लिफ्ट अडकली. आत एक बाई अर्धा तास. आदल्या दिवशी मी तिचं ग्रीसिंग केलं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर मला झापलं, 'शेवटचा हात कुणाचा?' म्हणून. पुढे निघालं की वॉचमनने दाराच्या फटीत पुठ्ठा घातला होता. साहेबांनी माफी मागितली नाही. ते मी तीस वर्षं बोलत आलोय, तुमच्या आईचे कान किटले होते ऐकून. आणि आईच्या वेळी मी काय केलं? शेवटचा हात शोधला.

तेव्हा मला कुणीतरी पाहिजे होतं, मुंगे. तिला काय झालं, का झालं, कुणी सांगत नव्हतं. सर्जन म्हणे, होतं असं कधीकधी. 'होतं असं' वर राग कसा काढणार? कात्रण सापडलं. राग काढायला एक माणूस सापडलं. ते माणूस घरातलंच निघालं.

दुसऱ्या पत्रात 'एवढंच' लिहून मी सुटलो होतो. माफी हा शब्द मी कधी वापरलेला नाही, त्यामुळे तो कुठे बसवायचा ते कळत नाही. इथे ठेवतो.

ऑपरेशनला येऊ नकोस. रजेचा घोळ होईल. दादा आहे, वहिनी आहे. उगाच धावपळ करू नकोस.

कानाचं सांगितलं. बाईंनी फाइलवर लाल पेनने मोठ्ठं लिहिलं. आता सगळ्या नर्सेस माझ्याशी ओरडूनच बोलतात, उजव्या बाजूनेही.

बाबा


बुधवार, ८ एप्रिल

मुंगे,

घरी आलो. काल पोचल्याचं दादाला कळवलंस, मला कळवायचं राहिलं. की राहू दिलंस?

येऊ नकोस म्हटलं तर आलीस. ट्रॉलीवर झोपून मी छताचे दिवे मोजत होतो, आणि एकदम तुझा चेहरा उलटा दिसला. क्षणभर वाटलं, भूल द्यायला सुरुवात झाली आणि मला सांगितलंच नाही. मग तू म्हणालीस, "बाबा, दात काढून ठेवले का?" तेव्हा खात्री पटली की तूच.

मी विचारलं, "आत येतेस?"

"नाही. मी बाहेर थांबते."

"तुला येऊ देतील. मी सांगतो बाईंना."

"बाबा, मला आत नाही यायचं. पण बाहेरून कुठे हलणार नाही."

ते तू खरं केलंस. दादा म्हणाला, चार तास तू त्या दाराकडे तोंड करून बसलीस, चहालासुद्धा उठली नाहीस. आत शिरेतल्या औषधाचं यंत्र होतं की गॅस, तुला आवाजावरून, वासावरून ओळखता आलं असतं म्हणे. म्हणून मुद्दाम दोन खुर्च्या लांब बसलीस.

मला त्या चार तासांतलं काही आठवत नाही. दादाच्या म्हणण्याप्रमाणे जाग येताना मी बाईंना विचारलं, "कितवा मजला?" आणि त्यांनी तितक्याच गंभीरपणे सांगितलं, "तिसरा, आजोबा." आता ती गोष्ट वॉर्डभर झाली आहे.

पुढचे चार दिवस तू होतीस. मला वाटलं होतं, आपण बोलू. मोठं काहीतरी बोलू. आणि बोललो काय? वारा. सकाळी सर्जन विचारणार, "वारा सरला का?" दुपारी नर्स विचारणार. संध्याकाळी तू खांद्याला धरून मला कॉरिडॉरमध्ये चालवणार आणि विचारणार, "बाबा, सरला का?" सहा वर्षांनी भेटलेल्या बापलेकीचं पहिलं बोलणं ते. आणि शनिवारी खिडकीपाशी जेव्हा तो सरला, भलामोठा, आजूबाजूला दोन पेशंट आणि एक मावशीबाई असताना, तेव्हा तू टाळी वाजवलीस. मी हसलो तर टाके ओढले गेले. "हसू नका, हसू नका," म्हणत तू स्वतःच भिंतीला टेकून हसत होतीस. आई गेल्यापासून तुला हसताना पाहिलं नव्हतं.

गाठ पूर्ण निघाली. कडा स्वच्छ आल्या. आजूबाजूच्या लहान ग्रंथी तपासल्या, एकीतही काही नाही. रिपोर्ट तू पहिल्यापासून पुन्हा वाचलास, ते मी पाहिलं. कळलं नाही असं समजू नकोस.

माझ्या पहिल्या पत्रातला टाकून दिलेला आशीर्वाद आता घे.

बाबा


बुधवार, २१ ऑगस्ट (त्यानंतर चार वर्षांनी)

मुंगे,

आपण दर रविवारी फोनवर बोलतो, तरी हे पत्र. माझा आवाज चढेल म्हणून नाही. अडकेल म्हणून.

काल हॉस्पिटलातून बोलावणं होतं. मला वाटलं नेहमीची तपासणी. वर्षातून दोनदा जातो, सुया टोचून घेतो, स्वच्छ आहे ऐकून परत येतो. पण यावेळी त्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. केस बरेच पिकलेत त्यांचे. चहा मागवला. म्हणाल्या, "आजोबा, अभ्यास संपला. निकाल आलाय."

मी घाबरलो. माझ्यासाठी नाही गं. मी पंचाहत्तरचा झालो, माझं काय ते होऊ दे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि मनात एकच चाललं होतं: 'गॅस वाईट' असं निघालं तर मी हे मुंगीला सांगायचं कसं, आणि नाही सांगितलं तरी तिला कळणारच.

त्या म्हणाल्या, "हजारावर लोक होते, तीन हॉस्पिटलांतले. दोन्हीकडे सारखंच आहे. जगण्यात फरक नाही, परत येण्यात फरक नाही."

मी म्हटलं, "उजव्या बाजूने सांगा. परत सांगा."

त्यांनी खुर्ची ओढून उजव्या बाजूला घेतली आणि परत सांगितलं. एक कागद पुढे केला. दोन रेघा, एक निळी, एक काळी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकमेकींना चिकटून. माझ्या चष्म्यातून तर एकच रेघ दिसत होती.

"इतरही अभ्यास चालू आहेत," त्या म्हणाल्या. "शेवटचा शब्द एकट्या आमचा नाही. पण त्या कात्रणातली भीती आम्हाला तरी कुठे दिसली नाही."

मग फाइल उघडून म्हणाल्या, "तुम्हाला काय दिलं होतं ते आता सांगता येतं. गॅस."

मी गॅसवर चार वर्षं काढली! माझ्या एकट्याच्या जगण्याने काही सिद्ध होत नाही, हे मला आता कळतं. एक लिफ्ट चालली म्हणून सगळ्या चालतात असं नसतं. तरी गंमत वाटली.

उठता उठता मी त्यांना विचारलं, "समजा, निकाल उलटा आला असता. मग ज्यांनी आधी गॅस दिला त्यांची चूक ठरली असती का?"

त्यांनी फाइल मिटली. मी काही सांगितलं नव्हतं त्यांना, पण बाई हुशार आहेत. म्हणाल्या, "नाही, आजोबा. त्या दिवशी जे कुणालाच माहीत नव्हतं, ते माहीत नसण्याची चूक कशी होईल?"

बाहेर बाकावर बसलो. जीव भांड्यात पडतो म्हणतात ना, तसा पडला, आणि पडल्याचा आवाजही मला ऐकू आला. किती वेळ बसलो कोण जाणे. एका नर्सने येऊन विचारलं, "आजोबा, चक्कर येतेय का?" मी म्हटलं, "नाही, उतरतेय."

तिथून घरी गेलो नाही. मावशीकडे गेलो.

ती दार उघडून म्हणाली, "एकटेच? काय झालं?"

मी म्हटलं, "दहा वर्षांपूर्वी तुमच्यासमोर मी माझ्या लेकीला एक बोललो होतो. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं?"

"ते खोटं होतं. तिने काही चूक केली नव्हती. तिच्यामुळे तुमच्या बहिणीला काही झालं नाही. हे सांगायला आलोय."

मावशीने पंखा लावला. मग म्हणाली, "हे आम्हाला तेव्हाच माहीत होतं. तुम्हाला कोण सांगणार?" आणि डोळे पुसत आत गेली. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन, आणि मला म्हणाली, "बसा आता. पाय किती सुजलेत बघा."

मामाला फोन लावला. त्याला काही आठवत नाही हल्ली, माणसंही ओळखत नाही. तरी सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं." दादाला संध्याकाळी सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मी दारातच होतो. मी काही बोलायला हवं होतं." त्यालाही दहा वर्षं ते खात होतं. मला कधी वाटलंही नाही.

उरलीस तू. चार वर्षांपूर्वी मी माफी कागदाच्या कोपऱ्यात ठेवून निघून गेलो होतो. आज समोर ठेवतो. तुझ्या आईला तू जे दिलंस ते चांगलं होतं. आणि अभ्यासाचा निकाल काहीही लागला असता तरी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तू घाबरलेली असताना तिच्या उशाशी उभी राहिलीस. मी तर बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसलो होतो.

बाबा


रविवार, १ सप्टेंबर

बाबा,

आज रविवार, फोन करायचा दिवस. तुम्ही म्हणालात तसंच, आवाज अडकेल.

तुमचं पत्र दवाखान्यात दोन केसच्या मध्ये वाचलं. कपडे बदलायच्या खोलीत चपला ठेवायच्या फळीवर बसून. आमची सिस्टर आत आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "घरी काही वाईट?" मी म्हटलं, "नाही, चांगलं आहे." तिला पटलं नाही. पुढच्या केसआधी तिने माझ्यासाठी साखर घातलेला चहा आणून ठेवला.

आता माझीही एक कबुली. निकाल मला तुमच्याआधी आठ दिवस माहीत होता. छापून आला त्याच सकाळी वाचला. सगळे आकडे, तळटिपा, सगळं. दोन रेघा मीही पाहिल्या. आणि तुम्हाला फोन केला नाही. तुम्हाला कळल्यावर तुम्ही काय कराल, ते मला बघायचं होतं. हे चांगलं नाही, मला माहीत आहे. पण त्या रविवारी फोनवर तुम्ही नळाच्या गळतीबद्दल वीस मिनिटं बोललात, आणि मी ऐकत होते, आणि मनात म्हणत होते, थांबूया.

आकडे वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलं. डोक्याला पटलं, म्हणजे तेवढंच. खरी मोकळी मी झाले ते मावशीच्या फोनने. तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासात तिने फोन केला होता. म्हणाली, "तुझे बाबा उन्हात चालत आले होते गं, हे सांगायला. पायात चपला वेगवेगळ्या." ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत.

त्या दिवशी आईला भूल देताना मी तिला म्हटलं होतं, "आई, काहीतरी छान आठव." ती म्हणाली, "तूच बस की समोर." आणि झोपली. त्या दिवसातलं मला एवढंच आठवायला हवं होतं. दहा वर्षं त्याच्यावर दुसरंच काहीतरी येऊन बसायचं.

गेल्या सोमवारी जुन्या सरांना फोन केला. त्यांनी मधली वर्षं विचारली नाहीत. म्हणाले, "मंगळवार आणि शुक्रवार रिकामे आहेत. कधीपासून येतेस?" डोळ्यांचा दवाखाना सोडत नाहीये, ती मुलं मला आवडतात. पण आठवड्याचे दोन दिवस तिकडे, कॅन्सर हॉस्पिटलात.

शुक्रवारी पहिली केस होती. स्तनाचं ऑपरेशन, पन्नाशीच्या शिक्षिका. आत नेताना त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "तुम्ही पूर्ण वेळ असाल ना?" मी म्हटलं, "असेन." त्यांना मी शिरेतून दिली. त्यांना गाडी लागते, उलट्यांचा त्रास होऊ नये म्हणून. बस, कारण तेवढंच. पुढच्या बाईंना दुसरं काही योग्य वाटलं तर दुसरं देईन.

त्या झोपल्या. नळी बसवली, छाती दोन्हीकडून सारखी वर येतेय ते बघितलं, मॉनिटरवरच्या रेघा बघितल्या. पडद्यापलीकडे सर्जन हात वर धरून माझ्याकडे बघत उभे होते. ते नेहमीच थांबतात आमच्या शब्दासाठी.

मी म्हटलं, "करा सुरू."

मुंगी